मदर तेरेसांची संघटना

मदर तेरेसा हे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्या परभणीत सहसा सापडणार नाही. निळ्या काठांची पांढरी साडी, सुरकुतलेला चेहरा आणि जोडलेले हात हे चित्र आपण शाळेच्या भिंतीवर पाहिले आहे, दिनदर्शिकेवर पाहिले आहे. परंतु चित्र परिचयाचे झाले म्हणजे माणूस समजला असे नव्हे. सर्वसाधारण समज असा आहे, की त्या फार प्रेमळ होत्या आणि म्हणून त्यांच्या हातून एवढे कार्य झाले. प्रेमळ माणसे तर प्रत्येक गल्लीत असतात. शेजारच्या आजाऱ्याला पेज करून नेणारी बाई असते, बेवारस प्रेताला खांदा देणारा गृहस्थ असतो. ती माणसे गेली म्हणजे त्यांचे कार्यही त्यांच्याबरोबर जाते. मदर तेरेसा १९९७ साली वारल्या, तेव्हा त्यांच्यामागे सुमारे ४,००० भगिनी आणि शंभराहून अधिक देशांत मिळून सहाशेंच्या वर घरे होती, आणि त्या गेल्यानंतरही ते काम थांबले नाही. हे नुसत्या प्रेमाने होत नाही. त्याला संघटना लागते.

माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. सभासद मिळविणे, ते टिकविणे, नियम करणे, वर्गणीचा हिशेब देणे, ही माझी विद्या. शाळा-कॉलेजची म्हणाल तर ती फारशी नाही. तेव्हा या चरित्राकडे मी संघटना बांधणाऱ्याच्या नजरेने पाहणार आहे. त्यांच्या धर्माचा मी नाही आणि त्यांच्या प्रत्येक मताचाही नाही. तरीसुद्धा संघटना कशी उभी राहते हे शिकायचे असेल, तर हे चरित्र वाचण्यासारखे आहे. आणि संघटनेच्या माणसाला ते एक अवघड प्रश्न विचारते. तो प्रश्न दया आणि हक्क यांच्या नात्याचा आहे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

स्कोप्ये ते कलकत्ता

त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोप्ये या गावी झाला. हे गाव तेव्हा तुर्की साम्राज्यात होते. आज ते उत्तर मॅसिडोनिया या देशाची राजधानी आहे. घराणे अल्बेनियन, धर्माने कॅथलिक. मुलीचे नाव आग्नेस गोंजा बोयाजिउ. वडील व्यापारी होते. ते १९१९ साली अकस्मात वारले आणि खातेपिते घर एकाएकी उघडे पडले. आईने कापडाचा व भरतकामाचा लहानसा धंदा करून तीन मुले वाढविली. कमावता माणूस गेला म्हणजे घराचे काय होते, हे या मुलीने नवव्या वर्षाच्या आत पाहिले होते.

वयाच्या अठराव्या वर्षी, १९२८ साली, तिने घर सोडले व लोरेटो नावाच्या धर्मभगिनींच्या संघात प्रवेश केला. इंग्रजी शिकण्यासाठी काही आठवडे आयर्लंडमध्ये डब्लिनजवळच्या मठात काढले आणि ६ जानेवारी १९२९ रोजी ती कलकत्त्यास पोहोचली. पुढे आईची भेट कधीच झाली नाही. अल्बेनियात कम्युनिस्ट राजवट आली, सरहद्दी बंद झाल्या, आणि मुलगी जगप्रसिद्ध झाल्यावरही आईला बाहेर येण्याची परवानगी मिळाली नाही. आई १९७२ साली तिराना येथे वारली.

दार्जिलिंगला उमेदवारी करून १९३१ साली तिने पहिली व्रते घेतली आणि तेरेसा हे नाव स्वीकारले. मग कलकत्त्याच्या एंटाली भागातील सेंट मेरीज शाळेत भूगोल व इतिहास शिकविण्याचे काम आले. ही मुलींची बंगाली शाळा. येथे त्यांनी सतरा-अठरा वर्षे काढली आणि १९४४ साली त्या मुख्याध्यापिका झाल्या. शाळेला उंच भिंत होती. भिंतीच्या आत बाग होती, शिस्त होती, दोन वेळचे जेवण होते. भिंतीच्या बाहेर मोतीझील ही झोपडपट्टी होती.

या काळात भिंतीबाहेर काय चालले होते? १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. युद्धाचा काळ, भाव कडाडलेले, साठेबाजी चाललेली, आणि इंग्रज सरकारचे दुर्लक्ष. सुमारे तीस लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली असा अंदाज आहे. खेड्यांतील भूमिहीन मजूर कलकत्त्याच्या फुटपाथावर येऊन मरत होते. त्यानंतर १६ ऑगस्ट १९४६ रोजी शहरात भीषण दंगल झाली. वसतिगृहातील मुलींसाठी घरात अन्न उरले नव्हते, म्हणून तेरेसा धान्य शोधण्यास एकट्या बाहेर पडल्या, आणि रस्त्यावर पडलेली प्रेते त्यांनी पाहिली.

१० सप्टेंबर १९४६ रोजी त्या दार्जिलिंगला निघाल्या होत्या. आगगाडीत त्यांना असे वाटले, की मठ सोडून गरिबांमध्ये राहण्याची देवाची आज्ञा आपल्याला झाली आहे. हा दिवस त्यांच्या संघात आजही पाळतात. आज्ञा कोणाची, यावर श्रद्धावान आणि अश्रद्ध यांचे मत निराळे असणार. त्या वादात मी पडत नाही. मला महत्त्व वाटते ते पुढच्या दोन वर्षांचे.

दोन वर्षांची वाट

उत्साही माणसाने दुसऱ्याच दिवशी मठाचे दार ओलांडले असते. तेरेसांनी तसे केले नाही. त्यांनी आज्ञापालनाचे व्रत घेतले होते. कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिए हे सावध गृहस्थ होते. त्यांनी विचारले, की काम करणार कोण? पैसा कोठून येणार? इतर संघ हे काम करीत असता नवा संघ कशाला? आणि त्यांनी थांबण्यास सांगितले. तेरेसा थांबल्या, पण गप्प बसल्या नाहीत. पत्रांवर पत्रे लिहून त्यांनी आर्चबिशपांना भंडावून सोडले. प्रत्येक शंकेला उत्तर दिले आणि नियमांचा आराखडा तयार केला. अखेरीस १९४८ साली रोमहून परवानगी आली, तीही प्रथम एका वर्षापुरतीच.

आमच्या चळवळीतील तरुण कार्यकर्त्यांना मी हा भाग मुद्दाम सांगतो. नोंदणीचा अर्ज, घटना, ठराव या गोष्टी त्यांना कंटाळवाण्या वाटतात. परंतु ज्याने हे कंटाळवाणे काम धीराने केले, त्याची संघटना त्याच्यामागे राहते.

१७ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी लोरेटोचा मठ सोडला. अंगावर गरीब बंगाली बायका नेसतात तशी स्वस्त पांढरी साडी होती, तिला निळे काठ. यानंतर त्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. त्या थेट झोपडपट्टीत गेल्या नाहीत. पाटण्यास होली फॅमिली रुग्णालयात गेल्या आणि जखम धुणे, सुई टोचणे, बाळंतपणात मदत करणे हे शिकल्या. सेवेची इच्छा असली म्हणजे सेवा येते असे त्यांनी मानले नाही.

पाटण्यास एक छोटी पण माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट घडली. आपल्या संघातील भगिनी अत्यंत गरिबांसारखे जगतील, मीठ-भात खाऊन राहतील, असा तेरेसांचा बेत होता. रुग्णालय चालविणाऱ्या भगिनी स्वतः वैद्यकीय काम करणाऱ्या होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितले, की असे केलेस तर तुझ्या मुली क्षयाने मरतील. दिवसभर राबणाऱ्याला पोटभर व सकस अन्न लागते. तेरेसांनी तो सल्ला मानला. संघातील अन्न साधे राहिले, पण पुरेसे राहिले. पुढे जग त्यांना संत म्हणाले. परंतु उपाशी माणसाकडून काम होत नाही, हा मजुरांच्या जगातील पहिला धडा त्यांनी पाटण्यात घेतला होता.

बारा भगिनी आणि चौथे व्रत

डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्यास परतून त्यांनी मोतीझीलमध्ये शाळा सुरू केली. इमारत नाही, फळा नाही. जमिनीवर काठीने अक्षरे काढून त्या मुलांना शिकवू लागल्या. फेब्रुवारी १९४९ मध्ये क्रीक लेनमधील गोम्स कुटुंबाने आपल्या घराचा वरचा मजला त्यांना राहण्यास दिला. पुढच्याच महिन्यात पहिली सभासद आली. ती सुभाषिणी दास, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने तेरेसांचेच मूळचे नाव घेतले व ती सिस्टर आग्नेस झाली. मागोमाग आणखी विद्यार्थिनी आल्या. म्हणजे शाळेत घालविलेली ती सतरा-अठरा वर्षे वाया गेली नव्हती. मुलींनी बाईंना वर्षानुवर्षे पाहिले होते, आणि त्या भरवशावरच त्यांनी घर सोडले. सभासद भाषणाने मिळत नाही, ओळखीने मिळतो, हा आमचाही अनुभव आहे.

७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला अधिकृत मान्यता मिळाली. भगिनी होत्या डझनभर. कॅथलिक संघांत दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते असतात. या संघाने चौथे व्रत घातले, ते म्हणजे गरिबांतल्या गरिबाची मनापासून आणि मोफत सेवा करणे. सेवेबद्दल पैसा घ्यावयाचा नाही. प्रत्येकीपाशी मोजक्या साड्या, चपला, एक बादली, एक ताटली, अंथरूण. पहाटे पाचच्या आत उठणे, प्रार्थना, स्वतःचे कपडे स्वतः धुणे, मग काम. थोरली भगिनी आणि काल आलेली मुलगी यांना नियम एकच.

आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. दळण, कांडण, झाडलोट, शेणगोठा ही दासीची कामे करता करताच जनाबाईंनी देव गाठला. काम वेगळे आणि भक्ती वेगळी असे त्यांनी मानले नाही. कलकत्त्यातील भगिनींची रीत वेगळ्या धर्माची असली, तरी किडे पडलेली जखम धुणे हीच प्रार्थना, ही कल्पना मराठवाड्यातील माणसाला परकी वाटू नये.

काळीघाटचे घर

१९५२ च्या ऑगस्ट महिन्यात निर्मल हृदय सुरू झाले. रस्त्यावर मरणाऱ्या माणसांना त्या काळी रुग्णालये घेत नसत, कारण बरा होणाऱ्यासाठीच खाट पुरत नसे. तेरेसांनी कलकत्ता महापालिकेकडे जागा मागितली. पालिकेने काळीमंदिराशेजारची यात्रेकरूंची धर्मशाळा दिली. गवगवा झाला. ख्रिस्ती बाई काळीमातेच्या दारात बाटवाबाटवी करणार, असा लोकांचा संशय होता. निदर्शने झाली, दगडही आले. पुढे मंदिरातील एक पुजारी दुर्धर रोगाने आजारी पडला, त्याला कोणी घेईना, तेव्हा याच घरात त्याची शुश्रूषा झाली आणि विरोध ओसरला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मरणाऱ्याला त्याच्या धर्माप्रमाणे निरोप द्यावयाचा, हिंदूच्या तोंडात गंगाजल, मुसलमानासाठी कुराण, अशी या घराची रीत असल्याचे संघ सांगत आला. मरणाऱ्यांना गुपचूप बाप्तिस्मा दिला जाई, असा आरोपही संघातून बाहेर पडलेल्या एका भगिनीने केला आहे. दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवणे योग्य.

१९५५ साली टाकलेल्या मुलांसाठी शिशुभवन निघाले. १९५७ साली रोग कळताच कामावरून काढून टाकलेले पाच कुष्ठरोगी दारात आले, आणि कुष्ठकार्य सुरू झाले. आसनसोलजवळ सरकारने दिलेल्या जमिनीवर शांतिनगर वसले. त्यासाठी पैसा उभा राहिला त्याची कथा मुंबईशी जोडलेली आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईच्या धर्मपरिषदेस आले होते. जाताना त्यांनी आपली भारी मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. तेरेसा त्या मोटारीत एकदाही बसल्या नाहीत. तिची सोडत काढली आणि आलेला पैसा शांतिनगरात घातला. कलकत्त्याजवळ टिटागढ येथे संघाच्या आश्रयातील कुष्ठरोगी हातमाग चालवितात, आणि भगिनींच्या निळ्या काठांच्या साड्या त्याच मागांवर विणल्या जातात. ज्याला गिरणीने काढले तो संघाचे कापड विणतो, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व पदकांपेक्षा मोलाची वाटते.

१९५९ पासून कलकत्त्याबाहेर रांची, दिल्ली, झाशी अशी घरे निघाली. १९६५ साली संघ थेट पोपच्या अखत्यारीत आला आणि त्याच वर्षी व्हेनेझुएला देशात परदेशातील पहिले घर झाले. मुंबईत भायखळ्याला आशादान हे त्यांचे घर आहे. १९६२ साली पद्मश्री व मॅगसेसे, १९७९ साली नोबेल, १९८० साली भारतरत्न असे सन्मान झाले. नोबेलच्या वेळी होणारी मेजवानी त्यांनी रद्द करावयास लावली व तो पैसा गरिबांसाठी मागून घेतला.

आणखी एक गोष्ट आमच्या पुढाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. १९९० साली प्रकृतीमुळे त्यांनी राजीनामा दिला. भगिनींच्या प्रतिनिधींनी मतदान करून त्यांनाच पुन्हा निवडले. मार्च १९९७ मध्ये मात्र त्यांच्या हयातीतच सिस्टर निर्मला यांची निवड झाली. ५ सप्टेंबर १९९७ रोजी मदर तेरेसा वारल्या तेव्हा वारस कोण, हा प्रश्नच उरला नव्हता.

आक्षेप

त्यांच्यावर झालेली टीका लपवून ठेवणे हा त्यांचा सन्मान नव्हे. १९९४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी काळीघाटचे घर पाहून लिहिले, की येथे रोगाचे नीट निदान होत नाही आणि तीव्र वेदनांवर पुरेसे औषध दिले जात नाही. ज्या संघाकडे जगभरातून देणग्या येत होत्या, त्याला हे परवडण्यासारखे होते. क्रिस्टोफर हिचेन्स या लेखकाने १९९५ साली पुस्तक लिहून पैशाच्या हिशेबावर आणि हैतीच्या हुकूमशहाच्या घराण्याशी असलेल्या सलगीवर झोड उठविली. अमेरिकेत चार्ल्स किटिंग नावाचा धनिक ठेवीदारांच्या फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरला. त्याने संघाला मोठी देणगी दिली होती. मदर तेरेसांनी न्यायाधीशाला दयेसाठी पत्र पाठविले. सरकारी वकिलाने उलट लिहिले, की ते पैसे गरीब ठेवीदारांचे होते, परत करा. त्या पत्राला उत्तर गेले नाही.

कामगार संघटनेच्या माणसाला येथे कडक बोलावे लागते. दाता कोण, त्याने पैसा कसा मिळविला, हे न विचारता घेतलेला पैसा गरिबाच्याच खिशातून आलेला असू शकतो.

दुसऱ्या बाजूने, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या खासगी पत्रांवरून असे दिसले, की जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना आपल्या अंतरी देवाचे अस्तित्व जाणवत नव्हते. आत अंधार होता आणि बाहेर काम चालू होते. २०१६ साली त्यांच्या धर्माने त्यांना संतपद दिले. मला त्या अंधारातही चालू राहिलेले काम अधिक मोठे वाटते.

दया आणि हक्क

आता अवघड प्रश्न. फुटपाथावर मरणाऱ्याला उचलावे, हे खरे. परंतु तो फुटपाथावर आला कसा? मदर तेरेसांनी हा प्रश्न सार्वजनिकपणे हाती घेतला नाही. आपले काम समाजरचना बदलण्याचे नसून समोरच्या एका माणसाचे आहे, असेच त्या सांगत राहिल्या.

मराठवाड्याला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी खडी फोडली, मिलो खाल्ला, पोरांनी सुकडी खाल्ली. त्या वेळची मदत ही मायबाप सरकारची मेहेरबानी होती. पण त्याच दुष्काळातून वि. स. पागे यांच्या कल्पनेने रोजगार हमी योजना वाढली. १९७५ पासून शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांवर तिच्यासाठी व्यवसाय कर बसला, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक ठरले. २००५ साली देशानेही असा कायदा केला. मेहेरबानीचा हक्क झाला. तसेच मोंढ्यातील हमालाचे. पाठ मोडेपर्यंत पोती वाहावी आणि पाठ मोडल्यावर भीक मागावी, हा क्रम १९६९ च्या माथाडी कायद्याने मोडला. जेथे तो नीट लागू झाला, तेथे हमालाला भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार मिळू लागले. कुष्ठरोग्यांच्या बाबतीत बाबा आमटे यांनी वरोऱ्याच्या आनंदवनात दयेपेक्षा श्रमावर भर दिला, तोही मदर तेरेसांनी संघ काढला त्याच सुमारास. या मार्गाने माणूस फुटपाथावर येण्याचेच थांबते.

एवढे सांगून आमच्यातील पुष्कळ जण थांबतात, आणि दयेची कामे म्हणजे मलमपट्टी असे म्हणतात. मला ते पटत नाही. कायदा होण्यास वर्षे लागतात आणि तो लागू होण्यास त्याहून अधिक. ज्याला आज रात्री ताप भरला आहे, त्याला ठरावाची प्रत देऊन भागत नाही. आणि असेही काही आहेत, ज्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही. टाकलेले मूल, घरातून काढलेली म्हातारी, भ्रमिष्ट माणूस यांचा संप होऊ शकत नाही, यांची वर्गणी येत नाही. आमची संघटना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे त्या डझनभर मुली पोहोचल्या.

तेव्हा मदर तेरेसांकडून घेण्यासारखे ते घ्यावे. नियम, धीर, शिकून मग सेवा करणे, आणि स्वतःला वेगळे न काढता सर्वांना एकच अन्न. त्यांच्यापाशी जे नव्हते ते आपण जोडावे, म्हणजे उघडा हिशेब, वेदनेवर योग्य औषध, आणि ही पाळी का आली हा प्रश्न. आपल्या गावात स्टेशनाबाहेर कोणी पडलेला दिसला, तर रात्री त्याला उचलून दवाखान्यात नेणारा कोणी तरी हवा. आणि सकाळी त्याच्या खाटेशी बसून, बाबा, तू कोठे कामाला होतास, तुझे नाव हजेरीपटावर होते का, मजुरी किती मिळत होती, हे विचारून लिहून घेणाराही कोणी तरी हवा.